वाचकांचे प्रश्न: इकॉनॉमीतल्या लांब प्रवासाचं परीक्षण कसं करावं?

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाची परीक्षणं वाचून तिकीट काढणाऱ्या आणि प्रवासानंतर स्वतः परीक्षण लिहू पाहणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: एकाच विमान कंपनीची, एकाच मार्गावरची दोन परीक्षणं वाचली. एकाला सीट ऐसपैस वाटली, दुसऱ्याला कोंडल्यासारखं झालं. विश्वास कोणावर ठेवायचा?

बहुधा दोघांनीही खरंच लिहिलं असेल. इकॉनॉमीत तुमच्या वाट्याला किती जागा येते, हे कंपनीच्या नावापेक्षा विमानाचा प्रकार आणि त्याच्या एका रांगेत किती सीटा बसवल्या आहेत यावर जास्त ठरतं. बोइंग ७७७ हे विमान १९९५ साली सेवेत आलं, तेव्हा बहुतेक कंपन्यांनी त्यात एका रांगेत ९ सीटा ठेवल्या होत्या. पुढे एकेका कंपनीने त्या १० केल्या, म्हणजे ३-४-३ अशी मांडणी आली. विमानाच्या भिंती काही सरकल्या नाहीत. त्यामुळे सीटची रुंदी साधारण साडेअठरा इंचांवरून १७ इंचांच्या आसपास आली आणि दोन्ही आयल (सीटांमधल्या चालण्याच्या वाटा) अरुंद झाले. बोइंग ७८७ मध्येही तेच झालं. सुरुवातीला ८ सीटांच्या रांगेची कल्पना मांडली गेली होती, पण जवळजवळ सगळ्यांनी ९ बसवल्या. जपान एअरलाइन्सने मात्र आपल्या आंतरराष्ट्रीय ७८७ विमानांत २-४-२ ठेवली, आणि तो फरक खांद्यांना लगेच कळतो.

एअरबस ए३५० मध्ये ९ सीटांची रांग असेल तर सुमारे १८ इंच मिळतात. ए३३० मध्ये २-४-२ मांडणी असते, तिथेही साधारण १८. दोघांनी एकत्र जायचं असेल तर ए३३० च्या खिडकीकडच्या दोन सीटांसारखी सोय नाही, कारण तिसरं कोणी मध्ये येतच नाही. ए३८० च्या खालच्या मजल्यावर १० सीटांची रांग असूनही प्रत्येक सीट १८ इंच किंवा थोडी जास्तच भरते, कारण ते विमान मुळात रुंद आहे. म्हणून नुसतं ‘एका रांगेत दहा सीटा’ असं लिहून भागत नाही. कोणत्या विमानात दहा, हे लिहायला हवं.

त्यातही एकाच कंपनीकडे एकाच प्रकारच्या विमानांच्या जुन्या आणि नव्या केबिन एकाच वेळी चालू असतात. ऐन वेळी विमान बदलतं. शिवाय तिकिटावर एका कंपनीचा फ्लाइट नंबर आणि उडवणारी कंपनी दुसरीच, असाही प्रकार सर्रास असतो. तिकिटावर बारीक अक्षरात उडवणाऱ्या कंपनीचं नाव दिलेलं असतं, ते आधी वाचा. विमानाचा प्रकार संक्षेपात दिसतो: ७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर, ७८९ म्हणजे ७८७-९, ३५९ म्हणजे ए३५०-९००, ३८८ म्हणजे ए३८०-८००. ज्या परीक्षणात विमानाचा प्रकार, सीट नंबर आणि प्रवासाची तारीख नाही, त्याच्या आधारे सीट निवडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: माझी उंची सहा फूट आहे. कंपनी ३२ इंच पिच सांगते, तरी गुडघे पुढच्या सीटला टेकतात. हा आकडा खोटा असतो का?

आकडा खरा असतो, पण तो पायांच्या जागेचा नसतो. एका सीटवरचा एखादा बिंदू आणि पुढच्या सीटवरचा तोच बिंदू यांतलं अंतर म्हणजे पिच. सीटच्या पाठीची जाडीही त्यातच मोजली जाते. त्यामुळे जाड पाठीच्या ३२ इंचांपेक्षा पातळ पाठीच्या ३१ इंचांत गुडघ्यांना जास्त जागा मिळू शकते. लांब पल्ल्याच्या इकॉनॉमीत ३१-३२ इंच सर्वसाधारण समजा. ३३-३४ मिळाले तर चांगलेच. २८-२९ इंच स्वस्त कंपन्यांच्या विमानांत दिसतात.

जागा कुठे खाल्ली जाते ते पाहा. पुढच्या सीटचा कप्पा गुडघ्यांसमोर असेल आणि त्यात पाण्याची बाटली ठेवलीत, तर दोन इंच तिथेच गेले. बऱ्याच नव्या सीटांत हा कप्पा ट्रेच्या वर घेतला आहे, तो बदल खरोखर उपयोगाचा आहे. काही सीटांच्या खाली स्क्रीनच्या यंत्रणेचा धातूचा डबा असतो. तो गुडघ्याला लागत नाही, पण एक पाय सरळ करता येत नाही. हा डबा सगळ्या सीटांखाली नसतो, म्हणून कोणत्या सीटखाली आहे ते परीक्षणात जरूर लिहा.

मोजायचं असेल तर शिंप्याची टेप जवळ ठेवा. माकडहाड पाठीला टेकेल इतकं मागे बसा आणि गुडघ्याच्या टोकापासून समोरच्या सीटपर्यंत मोजा. एकदा पुढची सीट सरळ असताना, एकदा पुढच्या प्रवाशाने ती मागे केल्यावर. रुंदी दोन आर्मरेस्टच्या आतल्या बाजूंमध्ये मोजा. त्याबरोबर स्वतःचं एक माप द्या: बसल्यावर पाठीपासून गुडघ्यापर्यंतची लांबी. सारख्याच उंचीच्या दोन माणसांत हे माप बरंच वेगळं असू शकतं, आणि गुडघे टेकणार की नाही हे त्यावरच ठरतं.

पातळ पाठीच्या सीटची एक अडचण मात्र तासाभरात कळत नाही. बैठकीचा फोम पातळ असेल तर पाच-सहा तासांनी बसण्याची हाडं खालच्या चौकटीला टेकल्यासारखी वाटू लागतात. म्हणून सीटबद्दलचं मत पहिल्या तासात लिहून मोकळं होऊ नका. आठव्या तासाला पुन्हा नोंद करा आणि दोन्ही छापा.

आयलच्या सीटवर असाल तर आयलकडच्या आर्मरेस्टखाली, मागे सांध्याजवळ बोटांनी चाचपा. बऱ्याच सीटांत तिथे एक खटका असतो. तो दाबला की आर्मरेस्ट वर जातो आणि अंग थोडं बाहेर काढता येतं. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी तो खाली हवा.

प्रश्न: जास्तीचे पैसे भरून एक्झिट रो (संकटकालीन दाराजवळची रांग) घ्यावी की बल्कहेड (केबिनमधल्या भिंतीमागची पहिली रांग)?

पाय लांब करायचे असतील तर एक्झिट रो, पण त्या रांगेतली प्रत्येक सीट सारखी नसते. रुंद विमानांत दाराचा आतला फुगवटा, ज्यात सुटकेची घसरगुंडी असते, खिडकीकडच्या प्रवाशाच्या पायांसमोर येतो. दाराजवळ गारठाही जाणवतो. दोन्ही प्रकारच्या रांगांत ट्रे आणि बहुधा स्क्रीनही आर्मरेस्टमध्ये असतात, त्यामुळे आर्मरेस्ट वर होत नाहीत आणि सीटची रुंदी थोडी घटते. रुंद बांध्याच्या माणसाला ही अडचण पायांच्या जागेपेक्षा मोठी वाटू शकते. उड्डाणाच्या वेळी पायाशी पिशवी ठेवता येत नाही, सगळं वरच्या कप्प्यात जातं.

बल्कहेडला समोर भिंत असते. कोणी सीट मागे करून अंगावर येत नाही हे खरं, पण पाय पुढच्या सीटखालीही सरकवता येत नाहीत. तान्ह्या बाळांचे पाळणे याच भिंतीवर लागतात.

शेवटची रांग टाळा. तिथे सीट कमी मागे जाते किंवा जातच नाही, आणि टॉयलेटची रांग डोक्याशी उभी राहते. पंखांच्या पुढच्या भागात इंजिनाचा आवाज कमी, पंखांजवळ हेलकावे कमी, शेपटीकडे दोन्ही जास्त. खिडकीची सीट घेऊनही समोर कोरी भिंत येते, त्याचं कारण बहुधा त्या जागी भिंतीतून वर जाणारी हवेची नळी हे असतं. अशा सीटचा नंबर परीक्षणात द्या, पुढच्या प्रवाशाचे पैसे वाचतील.

प्रश्न: विमानातलं जेवण बेचव का लागतं? त्याबद्दल न्याय्य कसं लिहावं?

जेवण जमिनीवर शिजतं, झपाट्याने ५ अंशांखाली थंड केलं जातं आणि विमानाच्या गॅलीतल्या (छोट्या स्वयंपाकघरातल्या) ओव्हनमध्ये साधारण वीस मिनिटं नुसतं गरम होतं. तिथे कोणी तळत नाही, परतत नाही. म्हणून कुरकुरीत पदार्थ मऊ पडतात, पास्त्याच्या कडा कडक होतात, आणि रस्सा असलेला पदार्थ भाताबरोबर सगळ्यांत चांगला टिकतो. दोन पर्यायांत अडलात तर रस्सा निवडा.

दुसरं कारण तुमच्या नाकात आहे. केबिनमधली हवा फार कोरडी असते, नाक सुकतं आणि वास कमी येतो. कमी दाबात मीठ आणि गोड दोन्ही फिकं लागतं. इंजिनाच्या एकसारख्या आवाजाने गोडाची जाणीव आणखी मंदावते, असं अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१५ मधल्या प्रयोगात दिसलं. त्याच प्रयोगात उमामी चव, म्हणजे टोमॅटो, मशरूम अशा पदार्थांत असते ती, उलट ठळक झाली.

परीक्षणात ‘चव ठीक’ लिहिण्यापेक्षा हे लिहा: उड्डाणानंतर किती वेळाने ट्रे आला, पदार्थ मध्यभागी गरम होता का, तुमच्या रांगेपर्यंत दोन्ही पर्याय उरले होते का, दोन जेवणांच्या मधल्या काळात पाणी किती वेळा फिरवलं, रात्री मागितल्यावर काही खायला मिळालं का.

खास जेवण हवं असेल तर ते किमान २४ तास आधी नोंदवा, काही कंपन्या ४८ तास मागतात. संक्षेप नीट पाहा. व्हीजीएमएल म्हणजे दूधही नसलेलं वनस्पतिजन्य जेवण. दूध आणि अंडी चालणारं शाकाहारी जेवण व्हीएलएमएल. दही किंवा चीज मिळालं नाही ही तक्रार बरेचदा चुकीचा संक्षेप निवडल्याने होते. फ्लाइट बदलली की खास जेवणाची नोंद निसटू शकते, ती पुन्हा तपासा.

प्रश्न: तेवढ्याच तासांच्या दोन प्रवासांपैकी एकानंतर अंग मोडून येतं, दुसऱ्यानंतर तितकं नाही. यात विमानाचा हात असतो का?

असतो. केबिनमधला दाब जमिनीवरच्याइतका ठेवत नाहीत. नियमानुसार तो ८,००० फूट उंचीवरच्या हवेपेक्षा कमी होऊ द्यायचा नसतो, आणि त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो. ७८७ आणि ए३५० यांचे सांगाडे मुख्यतः कार्बन कॉम्पोझिटचे आहेत. ते जास्त दाब सोसतात, म्हणून तिथे केबिन साधारण ६,००० फुटांच्या पातळीवर ठेवता येते. हे साहित्य गंजत नसल्याने आर्द्रताही थोडी जास्त ठेवता येते. इतर विमानांत ती १० ते २० टक्क्यांच्या आसपास असते. लांब रात्रीच्या प्रवासाला निवड असेल तर आम्ही हीच दोन विमानं सुचवू, सीट अर्धा इंच अरुंद असली तरी.

कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावा, पाणी घोटाघोटाने पीत राहा. कान दुखतात ते उतरताना, शेवटच्या अर्ध्या तासात. तेव्हा झोपून राहू नका. गिळत राहा, किंवा नाक चिमटीत धरून अगदी हलका दाब द्या. सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पायांकडे दुर्लक्ष करू नका. चार तासांपेक्षा जास्त वेळ बसून प्रवास केल्यास शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात म्हटलं आहे. निरोगी माणसात तरीही तो लहान आहे, सुमारे ६,००० त एक. टाचा-चवडे आलटून पालटून उचला, दर तास-दीड तासाने उठा. पूर्वी गुठळी झालेल्यांनी, गर्भवतींनी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच बसावं.

प्रश्न: पॉवर बँक किती मोठी चालते?

१०० वॉट-तासांपर्यंत विनापरवानगी, १०० ते १६० पर्यंत कंपनीच्या परवानगीने, आणि नेहमी हातातल्या सामानातच. २०,००० एमएएच म्हणजे सुमारे ७४ वॉट-तास. २०२५ पासून सिंगापूर एअरलाइन्स, एमिरेट्स अशा काही कंपन्यांनी विमानात पॉवर बँक वापरण्यावर बंदी घातली आहे. त्यामुळे सीटवरचं चार्जिंग चालतं का, प्लग सैल आहे का, ही बाब आता परीक्षणात हवीच.

प्रश्न: बॅग आलीच नाही, तर परीक्षणात गुण कापावेत का?

आधी बॅग मिळवण्याचं पाहा. बॅगांच्या पट्ट्याच्या हॉलमधून बाहेर पडण्यापूर्वी काउंटरवर तक्रार नोंदवा आणि पीआयआर (बॅगेच्या तक्रारीची नोंद) नंबर घ्या. गरजेपुरत्या खरेदीच्या पावत्या जपा. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईविषयीच्या मॉन्ट्रिअल करारानुसार बॅगचं नुकसान झाल्यास बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत, आणि उशिरा आली तर हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी दावा करावा लागतो. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. ही मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नव्हे, म्हणून पावत्यांना महत्त्व.

गुणांचं म्हणाल तर बॅग हरवल्याबद्दल सीटचे किंवा जेवणाचे गुण कापू नका. जोडफ्लाइटमध्ये किती वेळ होता ते लिहा, कारण विमान बदलायला तासभरच असेल तर माणूस धावत पोहोचतो, बॅग मागे राहते. कंपनीने कळवलं कसं, बॅग किती दिवसांत पोहोचवली, दाव्याला उत्तर किती दिवसांत दिलं, यावर मात्र जरूर गुण द्या. तिथे कंपनीची खरी परीक्षा होते.

प्रश्न: कर्मचाऱ्यांच्या वागण्याबद्दल आणि उशिराबद्दल काय लिहावं?

एका फ्लाइटवरून संपूर्ण कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा निवाडा करू नये. घडलेलं लिहा: बेल दाबल्यावर किती मिनिटांनी कोणी आलं, टॉयलेट सहाव्या तासाला स्वच्छ होतं का, कागद आणि साबण होता का. उशीर लिहिताना निघण्याचा आणि पोहोचण्याचा वेगळा लिहा. वेळापत्रकात थोडा वेळ राखीव धरलेला असतो, म्हणून चाळीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोहोचू शकतं. पोहोचायला १५ मिनिटांपेक्षा कमी उशीर झाला तर विमान उद्योगात ती फ्लाइट वेळेवर आली असंच धरतात.

आणि तिकीट कोणत्या प्रकारचं होतं ते वरच लिहा. सगळ्यांत स्वस्त इकॉनॉमी भाड्यात बॅग आणि सीटची निवड बरेचदा नसते, वरच्या भाड्यात २३ किलोची एक किंवा दोन बॅगा मिळतात. सीट दोघांची तीच, पण ‘बॅगेचे वेगळे पैसे घेतले’ ही तक्रार एकाची असते आणि दुसऱ्याला ती कळतही नाही.