सहा कव्हरांचे २४ हजार? आरडी मोडू नका ताई, आधी एकच कव्हर करा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही चिपळूणला शाळेत शिकवता, किंडलवर तुमची स्वतःच टाकलेली सहा मराठी ई-पुस्तकं आहेत, चार एकाच इन्स्पेक्टरच्या रहस्यकथा आणि दोन सुट्या कादंबऱ्या, सगळी ९९ रुपयांना. कव्हरं तुम्हीच कॅनव्हावर केलेली. आता एका डिझायनरने नव्या कव्हरांचे प्रत्येकी ४,५०० सांगितलेत, सहाही एकदम दिली तर २७ ऐवजी २४ हजार. आणि तुमचा प्रश्न असा की त्यासाठी मुलीच्या अकरावीसाठी चालू असलेली आरडी मोडू का मिस्टरांच्या क्रेडिट कार्डावर घालू.

दोन्ही नको. कव्हर मात्र बदला, कारण तुम्ही पाठवलेला स्क्रीनशॉट मी मोबाईलवर बघितला आणि पहिल्या भागाचं नाव मला वाचताच आलं नाही. काळ्यावर बारीक लाल अक्षरं, मधे धूसर वाडा, खाली समई. तुम्हीच लिहिलंय की एका बाईंनी कळवलं, "मला ती पोथी वाटली". खुनाची गोष्ट पोथी वाटत असेल तर ते गिऱ्हाईक दुकानाच्या दारातूनच परत चाललंय, तिथे खर्च करण्यात अर्थ आहे. प्रश्न फक्त किती आणि कुठल्या पैशातून एवढाच.

आता हिशोब बघा. ९९ च्या पुस्तकावर ७० टक्के रॉयल्टी, त्याआधी फाइलच्या साइझप्रमाणे थोडा डिलिव्हरीचा खर्च वजा, म्हणजे हातात धरा ६६ रुपये. (भारतातल्या विक्रीवर हे ७० टक्के अॅमेझॉनच्या केडीपी सिलेक्टमधे, म्हणजे ई-पुस्तक फक्त तिथेच विकायच्या योजनेत, असेपर्यंतच मिळतात हां, त्यातून पुस्तक बाहेर काढलंत की ३५ वर येतं, ९० दिवसांची मुदत संपते तेव्हा लक्ष ठेवा.) २४ हजार भागिले ६६, म्हणजे ३६४ प्रती जास्तीच्या विकल्या की तुमचे नुसते घातलेले पैसे परत. तुमची विक्री सध्या सगळी मिळून महिन्याला ११. किंडल अनलिमिटेडवर, म्हणजे वर्गणी भरून वाचणाऱ्यांनी, वाचलेल्या पानांचे पैसे धरून वर्षाची कमाई साधारण १४,७००. म्हणजे दोन वर्षांत वसूल करायचं म्हटलं तरी दर वर्षी १२ हजार जादा आले पाहिजेत, आत्ताच्या कमाईत ८० टक्के वाढ, ती पण सलग दोन वर्षं. होणारच नाही असं नाही, पण मुलीच्या फीच्या पैशावर मी ही पैज लावणार नाही.

पण तुमच्या त्या ११ मधे एक गंमत लपलीये, ती बहुतेक तुमच्या लक्षात आलेली नाही. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत पहिला भाग महिन्याला ५ जातो, दुसरा ३, तिसरा २, चौथा १, आणि सुट्या कादंबऱ्या वर्षातून दोन-चार. म्हणजे पहिला भाग घेणारे पुढे जातायत, गोष्ट लोकांना आवडतेय! पाच जणांमागे ११ प्रती, एका नवीन वाचकामागे २.२, म्हणजे ६६ नाही तर साधारण १४५ रुपये. मग फक्त पहिल्या भागाच्या कव्हरचे ४,५०० वसूल व्हायला ३१ नवीन वाचक पुरेत. महिन्याला ५ चे ८ झाले तरी दहा-अकरा महिन्यात काम होतं. आणि चौथ्या भागाचं कव्हर बघून कोण घेतं, तिथपर्यंत पोचलेला माणूस कव्हर कसंही असलं तरी घेणारच.

सुट्या दोन कादंबऱ्यांवर तर आत्ता एक रुपया घालू नका. वर्षाला चार प्रतींचं पुस्तक नवीन कव्हरने आठ जाईल, म्हणजे २६४ रुपये जास्त. ४,५०० घालून.

तर माझं म्हणणं असं, डिझायनरला सांगा की मला मालिकेचा साचा करून दे, पहिल्या भागाचं पूर्ण कव्हर आत्ता, आणि उरलेली तीन त्याच साच्यात, फक्त नाव, रंग आणि एखादी वस्तू बदलून, त्याचे कमी घे. १,५०० प्रत्येकी मागून बघा, काम खरंच तेवढंच असतं. चारही मिळून ९ हजारात बसतील. पहिल्याचे ४,५०० तुमच्या रॉयल्टीच्या साठलेल्या ६,२०० मधून द्या. बाकीची तिन्ही कव्हरं तीन महिने झाल्यावर, तेही पहिल्याने काही करून दाखवलं तरच.

कार्डाचं म्हणाल तर केडीपीचे पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतात, जुलैत विकलेल्या पुस्तकाचे सप्टेंबरअखेर. कार्डवाला काही थांबत नाही, आणि बिल राहिलं की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज सुरू. नवीन कव्हराचा पहिला रुपया यायच्या आधी दोन बिलं भरून झालेली असतील. आणि आरडी मोडली की ठरलेलं व्याज कमी होतं हे एक, पण तुमच्याकडे ती एकच गोष्ट नियमाने चालू आहे, ती एकदा मोडली की परत सुरू होत नाही. मी घरातच बघितलंय.

तीन महिन्यांच्या त्या काळात दुसरं काही हलवू नका. किंमत तीच, सिलेक्टमधे पुस्तक फुकट ठेवायचे पाच दिवस मिळतात ते वापरायचे नाहीत, शाळेच्या ग्रुपवर लिंक टाकायची नाही (टाकाल, माहितीये, पण नका टाकू), आणि दिवाळीत सुरू करू नका, तेव्हा लोक तसंही जास्त वाचतात. मागच्या ९० दिवसात पहिला भाग १५ गेला. आता १७ गेला तर त्याला वाढ म्हणू नका, एवढ्या छोट्या आकड्यात दोन इकडेतिकडे होतातच. २४-२५ गेला तर पुढची तीन करून टाका.

पैसे द्यायच्या आधी एक फुकटचं काम. डिझायनरकडून कच्चं डिझाइन आलं की ते नखाएवढं करा, मोबाईलवर पाच जणांना दाखवा, नातेवाईक सोडून, आणि नुसतं विचारा की ही कसली गोष्ट असेल. दीनानाथ दलाल, मुळगावकर या जुन्या चित्रकारांची कव्हरं लोक वाचनालयात हातात घेऊन बघायचे. तुमचं कव्हर अंगठा सरकवताना अर्धा सेकंद दिसणार. मोठी फाइल २५६० बाय १६०० पिक्सेलची द्यायची असते आणि तिथे सगळंच छान दिसतं, त्यावर भुलू नका.

आणि मराठी अक्षरं तुम्ही स्वतः तपासा, मी का सांगतोय ते ऐका. माझ्या ऑफिसच्या बोर्डाचं काम मी एका बाहेरच्या डिझायनरला दिलं होतं, त्याच्या सॉफ्टवेअरमधे देवनागरीची सेटिंग चालू नव्हती, "आर्थिक"मधली वेलांटी थ च्या उजवीकडे आणि रफार गायब. बोर्ड छापून आला तेव्हा बघितलं, ११ हजार गेले. दुसरं म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श, तुम्ही शिक्षिका, तुम्हाला मी काय सांगणार, पण बरेच फॉन्ट हिंदी वळणाचे असतात. मुक्ता, बालूसारखे फॉन्ट फुकट आहेत आणि व्यवसायाला वापरता येतात, तेव्हा "फॉन्टचे वेगळे" म्हणून कोणी दोन हजार लावले तर आधी कुठला फॉन्ट ते विचारा.

आता लेखी. इथे लोक हमखास चुकतात. व्हॉट्सअॅपवर "डन" म्हणून काम सुरू करू नका. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमचं ई-पुस्तक तर अमेरिकेतला मराठी माणूसही घेऊ शकतो. त्यामुळे एका पानावर लिहून घ्या की कव्हराचे सगळे हक्क, कायद्याने आहेत तेवढ्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, छापील आवृत्तीसकट, आणि खाली दोघांच्या सह्या. चित्र विकत घेतलेलं असेल तर त्याच्या लायसन्सची कॉपी. उघडता येणारी मूळ फाइल पण मागा, नाहीतर पाचव्या भागाला परत त्याच्याच दारात. बिलही घ्या आणि रिटर्न भरताना तुमच्या सीएला दाखवा, रॉयल्टीचं उत्पन्न रिटर्नमधे दाखवताय ना? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नव्हता म्हणून विचारलं.

अर्धे पैसे आधी, अर्धे फाइल हातात आल्यावर. दोन वेळा बदल करून मिळतील हे पण त्याच पानावर.

आणि ते समईवालं जुनं कव्हर डिलीट करू नका. ई-पुस्तकाचं कव्हर केव्हाही बदलता येतं, पैसे लागत नाहीत, नव्या कव्हराने १५ चे १० झाले तर जुनं परत लावायचं आणि मला कळवायचं, मग आपण वर्णनाचा मजकूर बघू. तो मी वाचला, पहिल्याच ओळीत खुनी कोण त्याचा अंदाज येतो.