वाचकांचे प्रश्न : संरचना अभियांत्रिकीतला पुढचा अभ्यास

या वेळच्या पत्रांत स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि या क्षेत्रात नुकतेच कामाला लागलेले अभियंते यांची पत्रे अधिक आहेत. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण पुढच्या प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.टेक.ला ‘स्ट्रक्चरल डायनॅमिक्स’ (हादरे बसताना संरचना कशी हलते याचा अभ्यास) हा विषय घ्यावाच लागतो, असे समजले. भूकंपाचे बल काढण्यासाठी संहितेत (आयएस १८९३ या भारतीय मानकात) गुणकाची, म्हणजे वजनाचा ठरावीक हिस्सा आडवे बल म्हणून धरण्याची, सोपी पद्धत दिलेली असताना आयगेन मूल्ये, मोड शेप आणि अवकल समीकरणे यांत अख्खे सत्र घालवण्याची खरोखर गरज आहे का? — एक विद्यार्थी, कऱ्हाड

उत्तर : गरज आहे, आणि तिचा सर्वांत ठळक पुरावा तुमच्याच सातारा जिल्ह्यात उभा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या परिसरात सुमारे साडेसहा रिश्टरचा भूकंप झाला. कोयना धरण तेव्हा बांधून पूर्ण झालेले होते आणि जलाशयात भरपूर पाणी होते. पायापासून सुमारे १०३ मीटर उंचीच्या या धरणाचे संकल्पन (डिझाइन) त्या काळच्या जगभरातील प्रघाताला धरूनच केलेले होते. भिंतीच्या वजनाच्या ५ टक्के एवढे आडवे बल तळापासून माथ्यापर्यंत एकाच प्रमाणात लावायचे आणि त्या बलाखाली भिंत सुरक्षित आहे ना, हे पाहायचे, अशी ती पद्धत होती. या हिशेबाने भिंतीच्या छेदात कुठेही काळजी करण्यासारखा ताण दिसत नव्हता.

प्रत्यक्षात काय झाले? धरणातच बसवलेल्या त्वरणमापकाने जमिनीच्या हादऱ्याची नोंद घेतली. नदीच्या प्रवाहाच्या दिशेतले त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या जवळजवळ निम्मे भरले, तर धरणाच्या लांबीच्या दिशेत ते त्याहूनही अधिक होते. धरण टिकले, ही मोठीच गोष्ट. परंतु सांडव्याच्या बाजूंच्या उंच भागांत पाण्याकडील आणि उतरत्या, अशा दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या. या भेगा पायाशी नव्हत्या. तळापासून साधारण दोनतृतीयांश उंचीवर, जिथे उतरत्या अंगाचा ढाळ एकदम बदलतो आणि वरची भिंत अरुंद होते, नेमक्या त्या मानेपाशी त्या पडल्या होत्या.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर या भेगांच्या जागेत आहे. जमिनीचा हादरा अपेक्षेपेक्षा मोठा होता, एवढेच कारण असते तर गुणक वाढवून काम भागले असते. मात्र सगळ्या उंचीला एकच गुणक लावणारी पद्धत, गुणक कितीही वाढवला तरी, सर्वांत मोठा ताण तळाशीच दाखवते. म्हणून वरच्या भागात कमी ताकदीचे काँक्रीट चालेल, असा निष्कर्ष तिच्यातून निघे. लांब बांबूचे बूड मुठीत धरून मूठ झटक्याने हलवली, तर शेंडा मुठीपेक्षा कितीतरी जास्त झोलतो; धरणाचा माथाही तसाच पायथ्यापेक्षा अनेक पटींनी अधिक त्वरणाने हलला. कोयनेच्या उंच भागाचा मूळ आवर्तकाल (एक पूर्ण झोका घ्यायला लागणारा वेळ) सुमारे एकतृतीयांश सेकंद आहे, आणि त्या भूकंपात अशाच अल्प आवर्तकालाच्या कंपनांचा जोर होता. माथ्यावरच्या वस्तुमानाचे जडत्वबल वाढले, ते सगळे अरुंद मानेवर आले, आणि ताण सोसण्यात मुळातच दुबळे असलेले काँक्रीट तिथे तडकले. बर्कलीच्या विद्यापीठातील अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी पी. चक्रबर्ती यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नोंदलेला हादरा घेऊन या धरणाचे गतिकीय विश्लेषण केले, तेव्हा काँक्रीटच्या ताणक्षमतेपलीकडे जाणारा ताण गणितातही ढाळ बदलतो तिथेच दिसला. पुढे धरणाच्या या उंच भागांना खालच्या बाजूने काँक्रीटचे आधार देऊन मजबुती दिली गेली. आज काँक्रीटमध्ये भेग कशी वाढते, याचे नवे गणिती प्रारूप कोणी मांडले, तर ते तपासण्यासाठी जगभरचे संशोधक कोयनेचा छेद आणि कोयनेची नोंद वापरतात. ही गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक स्थापत्य महाविद्यालयात पहिल्या वर्षापासून सांगितली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आता सत्रभराच्या गणिताकडे पाहा. वस्तुमान, ताठरपणा आणि अवमंदन (झोके हळूहळू शमवणारा गुण) या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोहोंतून आयगेन मूल्य निघते. ते तुम्हाला आवर्तकाल सांगते. मोड शेप सांगतो की, त्या आवर्तकालाने हलताना संरचनेचा कोणता भाग किती सरकेल, म्हणजेच जडत्वबल कुठे गोळा होईल. तीन मजल्यांची एक साधी चौकट घेऊन हे गणित एकदा तरी कागदावर, संगणकाविना, शेवटपर्यंत करा. संहितेतली गुणकाची पद्धत ही या गणिताचेच नियमित आकाराच्या, बेताच्या उंचीच्या इमारतींसाठी केलेले संक्षिप्त रूप आहे. ते रूप कुठपर्यंत लागू पडते, हे मूळ गणित जाणणाऱ्यालाच कळते.

प्रश्न : मी पुण्यात एका सल्लागार कार्यालयात काम करतो. पार्किंगसह सात मजल्यांच्या, २१ मीटर उंचीच्या इमारतीचे मॉडेल ईटॅब्स या संगणक प्रणालीत केले, तेव्हा आवर्तकाल १.३ सेकंद आला आणि भूकंपाचे बल बरेच कमी निघाले. वरिष्ठांनी मात्र संहितेतल्या सूत्राने आवर्तकाल काढून सगळी बले त्या प्रमाणात वाढवायला सांगितली. अचूक विश्लेषण हाताशी असताना ठोकळ सूत्राला एवढे महत्त्व का? — एक कनिष्ठ अभियंता, पुणे

उत्तर : तुमच्या वरिष्ठांचे म्हणणे बरोबर आहे, आणि आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीतही हेच सांगितले आहे. तुमच्या मॉडेलमध्ये काय आहे आणि इमारतीत काय असणार आहे, हे शेजारी शेजारी ठेवून पाहा. मॉडेलमध्ये बीम, कॉलम आणि स्लॅब आहेत. विटांच्या भिंतींचे फक्त वजन घेतले आहे, ताठरपणा घेतलेला नाही. भेगाळलेल्या छेदाचा विचार म्हणून संहितेनुसार बीमची ताठरता ३५ टक्के आणि कॉलमची ७० टक्के धरलेली असणार. त्यामुळे मॉडेल मऊ झाले आणि सावकाश झुलू लागले. खरी इमारत भिंतींमुळे त्याहून ताठ असते, म्हणून तिचा आवर्तकाल कमी आणि तिच्यावर येणारे बल अधिक असते.

आकडेच मांडू. मोकळ्या काँक्रीट चौकटीसाठी सूत्र असे की, मीटरमधील उंचीच्या पाऊण घाताला ०.०७५ ने गुणावे. २१ मीटरला हे उत्तर सुमारे ०.७४ सेकंद येते. विटांच्या भिंती भरलेल्या चौकटीसाठी उंचीला ०.०९ ने गुणून भूकंपाच्या दिशेतल्या पायाच्या लांबीच्या वर्गमुळाने भागायचे. ती लांबी १५ मीटर धरली, तर ०.४९ सेकंद मिळतात. पुणे तिसऱ्या भूकंप विभागात, जमीन मध्यम प्रतीची, महत्त्वगुणक (इमारतीच्या महत्त्वानुसार घ्यायचा गुणक) १ आणि चौकट विशेष तन्य (न मोडता बरीच वाकू शकणाऱ्या) प्रकारची, असे धरले तर तळाशी येणारे आडवे बल पहिल्या आवर्तकालाला वजनाच्या सुमारे ३ टक्के, दुसऱ्याला ४ टक्के, आणि तुमच्या १.३ सेकंदांना जेमतेम १.७ टक्के निघते. एकाच इमारतीसाठी ४ आणि १.७ ही दोन उत्तरे आली, आणि हा फरक मुख्यतः भिंतींचा ताठरपणा धरला की सोडला, यातून आला. ज्याला तुम्ही अचूक विश्लेषण म्हणता, ते अपुऱ्या मॉडेलचे अचूक विश्लेषण आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे पार्किंग. वरच्या मजल्यांवर भिंती आणि खाली नुसते कॉलम, अशा इमारतीत सगळी आडवी हालचाल खालच्या मजल्यात एकवटते. बले सरसकट वाढवल्याने हा दोष जात नाही, कारण दोष बलाच्या एकूण मापात नसून ताठरपणा उंचीप्रमाणे कसा बदलतो यात आहे. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत मोकळ्या तळमजल्याच्या कितीतरी इमारती कोसळल्या, आणि त्यांतल्या अनेकांचा वरचा भाग जवळजवळ जसाच्या तसा खाली बसला होता. म्हणून वरिष्ठांना विनंती करून मॉडेलमध्ये भिंतींच्या जागी तिरके दाबदंड (भिंतीचा ताठरपणा दाखवणारे, दाब घेणारे दांडे) घाला, मजल्यामजल्याचा ताठरपणा तपासा आणि पार्किंगच्या मजल्यावर दोन्ही दिशांना काँक्रीटच्या कातरभिंती (आडवे बल घेणाऱ्या सलग भिंती) देता येतात का, हे वास्तुविशारदाशी आताच, नकाशे मंजुरीला जाण्यापूर्वी, बोलून घ्या. नंतर गाड्यांच्या जागेवरून वाद सुरू होतो आणि त्यात भिंतच रद्द होते.

साइटवर गेलात की कॉलमच्या रिंगा स्वतः पाहा. रिंगेचे टोक ९० अंशांत वाकवून सोडलेले असेल, तर ते १३५ अंशांत आत वळवून घ्यायला लावा. सळयांवरचे काँक्रीटचे कव्हर सुटल्यावर ९० अंशांची रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. बीम-कॉलमच्या सांध्यापाशी रिंगांमधले अंतर १०० मिलिमीटरच्या आत असले पाहिजे. कार्यालयात धरलेली तन्यता याच तपशिलावर उभी असते. विशेष तन्य चौकट म्हणून विश्लेषणात बले पाचाने भागताना आपण या रिंगांवरच विसंबलेले असतो.

प्रश्न : मी चाळीस वर्षांपूर्वी मोमेंट डिस्ट्रिब्यूशन आणि कानीच्या पद्धतीने (चौकटीतले वाकवणारे मोमेंट हाताने काढण्याच्या पद्धतींनी) इमारती डिझाइन केल्या. आताच्या मुलांना एक सलग बीमही हाताने सोडवता येत नाही. आजच्या काळात या पद्धती शिकवणे व्यर्थ आहे का? — एक निवृत्त अभियंता, रत्नागिरी

उत्तर : संपूर्ण चौकट हाताने सोडवण्याचा आग्रह आता धरू नये; हार्डी क्रॉस यांनी १९३० मध्ये मोमेंट डिस्ट्रिब्यूशनची पद्धत मांडली, ती संगणक नसलेल्या काळाची निकड म्हणून. परंतु संगणकाचे उत्तर चूक आहे हे ओळखण्याइतके गणित हातात असलेच पाहिजे, आणि याबाबत मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे.

नॉर्वेतील स्लाइपनर ए या समुद्रातल्या तेल-वायू मंचाचा काँक्रीटचा पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या खाडीत चाचणीसाठी खोल बुडवला जात असताना फुटला आणि तळाशी गेला. पायातल्या पोकळ कप्प्यांच्या भिंतींचे विश्लेषण फायनाइट एलिमेंट पद्धतीने (संरचनेचे लहान तुकड्यांच्या जाळीत विभाजन करून) केले होते, पण भिंती जिथे मिळतात तिथली जाळी फार ढोबळ होती, आणि त्यामुळे कातरबल (छेद कापू पाहणारे बल) सुमारे ४७ टक्के कमी निघाले होते. भिंतींच्या जोडापाशी टाकलेल्या सळयाही आखूड पडल्या. अपघातानंतर केलेल्या बारकाईच्या विश्लेषणात ही भिंत ६२ मीटर पाण्याच्या दाबाला फुटेल असे निघाले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरला फुटली. म्हणजे पद्धत निर्दोष होती. जाळी कुठे बारीक हवी, हे ठरवणारी नजर कमी पडली होती. ती भिंत दोन टोकांना बांधलेल्या साध्या पट्टीसारखी धरून कातरबल हाताने काढले असते, तर एवढा मोठा फरक लपून राहिला नसता.

नव्या अभियंत्यांकडून निदान दोन तपासण्या रोज करून घ्याव्यात. ५ मीटर गाळ्याच्या बीमवर मीटरमागे ३० किलोन्यूटन भार असेल, तर मधला मोमेंट आणि दोन टोकांच्या मोमेंटांची सरासरी यांची बेरीज भार गुणिले गाळ्याचा वर्ग भागिले आठ, म्हणजे सुमारे ९४ किलोन्यूटन-मीटर यायलाच हवी. टोके कितीही घट्ट धरली तरी ही बेरीज बदलत नाही. तसेच ४ गुणिले ५ मीटर क्षेत्राचा भार घेणाऱ्या मधल्या कॉलमवर, चौरस मीटरमागे साधारण १२ किलोन्यूटन धरून, सात स्लॅबांचे मिळून १,६८० किलोन्यूटन येतात. संगणकाने ९०० दाखवले, तर मॉडेलमध्ये कुठेतरी भार लावायचा राहिला आहे किंवा शेजारच्या कॉलमकडे वळला आहे. आपल्यासारख्यांनी आठवड्यातून एखादी संध्याकाळ गावातल्या महाविद्यालयाला दिली, तर हे शिकवायला दुसऱ्या कोणाची वाट पाहावी लागणार नाही.

प्रश्न : पदवीनंतर लगेच एम.टेक. करावे की आधी नोकरी? महाराष्ट्रात कुठे करावे? — एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : आयआयटी मुंबई, नागपूरचे व्हीएनआयटी, मुंबईचे व्हीजेटीआय, पुण्याचे सीओईपी आणि सांगलीचे वालचंद महाविद्यालय येथे या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. संस्थेच्या नावाइतकाच तिथल्या प्रयोगशाळेचा विचार करा. जिथे बीम प्रत्यक्ष मोडून पाहता येतो, भेग आधी कुठे पडते हे डोळ्यांनी दिसते, तिथले शिक्षण अधिक पक्के होते. अभ्यासक्रमात गतिकी, फायनाइट एलिमेंट, स्थिरता आणि भूकंपरोधक संकल्पन हे चार विषय आहेत ना, एवढे पाहा.

माझे मत विचाराल तर आधी दोनेक वर्षे चांगल्या सल्लागाराकडे काम करा. सळईचे तपशील काढलेले आणि साइटवर त्यांचे काय होते ते पाहिलेले विद्यार्थी वर्गात वेगळेच प्रश्न विचारतात. फक्त त्या काळात गणिताचा सराव तुटतो, तो मॅट्रिक्सच्या पद्धती आणि अवकल समीकरणे अधूनमधून सोडवून चालू ठेवावा लागतो. एम.टेक. प्रवेशाच्या ‘गेट’ परीक्षेचा गुणांक तीन वर्षे ग्राह्य धरला जातो, तेव्हा परीक्षा शेवटच्या वर्षातच द्या. अभ्यास ताजा असताना गुण चांगले पडतात आणि नोकरी करूनही प्रवेशाची वाट खुली राहते.