वाचकांचे प्रश्न : रणगाड्यावरची चंदेरी झाक आणि परसातली माती

प्रश्न : सेंच्युरियन रणगाड्याचे १:३५ प्रमाणातील प्लॅस्टिक मॉडेल मी करीत आहे. डिसेंबर १९७१ मधील बसंतरच्या लढाईतला, भारतीय लष्कराच्या १७ पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचा रणगाडा दाखवण्याचा विचार आहे. मॅट हिरव्या रंगावर डिकॅल (पाण्यात भिजवून सरकवायचे छापील आकडे व चिन्हे) लावताच आकड्यांभोवती चंदेरी कडा उमटल्या. त्या कशा घालवाव्यात? चाकांवरील चिखलासाठी परसातली माती चालेल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : दोष डिकॅलचा नसून त्याखालच्या रंगाचा आहे. मॅट रंग डोळ्यांना सपाट दिसला, तरी तो बारीक खरबरीत असतो. त्या खरबरीतपणात अडकलेली हवा डिकॅलच्या पारदर्शक पापुद्र्याखालून चमकते. यापुढे रंग पूर्ण वाळल्यावर आधी ग्लॉस वार्निशचा पातळ हात द्यावा, आकड्याभोवतीचा कोरा पापुद्रा ब्लेडने कापून टाकावा आणि मगच डिकॅल सरकवून बसवावे. जे लागले आहेत ते मात्र उखडू नयेत. चंदेरी जागी बारीक सुईने टोचे देऊन वरून डिकॅल सॉफ्टनर लावावे. पापुद्रा मऊ पडून सुरकुततो, तेव्हा जीव घाबरा होतो. पण बोट लावू नये, वाळताना तो बहुधा आपोआप बसतो. पाण्याकडेही लक्ष असावे. बोअरचे जड पाणी वाळले की क्षारांचे पांढरे डाग राहतात, म्हणून बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्यावे.

सर्वांत शेवटी मॅट वार्निश येते, आणि ते आपल्याकडच्या पावसाच्या झडीत फवारू नये. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतले बाष्प त्यावर जमते आणि पांढुरकी साय धरते. एका जुलैत माझा अख्खा रणगाडा राख फासल्यासारखा झाला होता. उघडीप मिळाल्यावर ग्लॉसचा हात दिला, तेव्हा कुठे खालचा हिरवा रंग परत दिसला.

मातीबाबत माझे मत स्पष्ट नकारार्थी आहे. खानापूरची माती जांभ्या दगडातील लोहामुळे तांबडी आहे, तर बसंतर ही रावीच्या खोऱ्यातली नदी असून तिच्या काठची माती गाळाची, पिवळट करडी आहे. याच लढाईत परमवीरचक्र मिळवलेले १७ पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या ‘फॅमागुस्टा’ या रणगाड्याच्या जातीचे मॉडेल तांबड्या मातीने माखले, तर जाणकाराला ते लगेच खटकेल. शिवाय या प्रमाणात एक मिलिमीटरचा कण म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा खडा! पिवळट करड्या रंगाची पिगमेंट पावडर घेऊन ती चाकांच्या खाचांत व पट्ट्यांच्या सांध्यांत दाट, आणि बाजूच्या संरक्षक पत्र्यांच्या खालच्या कडेला विरळ लावावी. बुरुजावर (तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागावर) धूळ पुरे, तिथे चिखल नको.

प्रश्न : तोफेची नळी दोन अर्ध्या भागांत येते. तिच्यावरची जोडरेषा लपत नाही.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : जोडताना गोंदाने विरघळलेले प्लॅस्टिक फटीतून किंचित बाहेर येईल इतपत नळी दाबून धरावी व दिवसभर हात लावू नये. नंतर ४०० नंबरचा व पुढे १००० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून नळीभोवती गुंडाळून घासावा; एकाच रेषेवर घासल्यास गोल नळी तिथे चपटी होते आणि रंग दिल्यावर ते आणखीच उठून दिसते.