"टीममधला एकजण काम करत नव्हता, मग तू काय केलंस?"

फ्रेशरच्या इंटरव्ह्यूत हा प्रश्न बरेचदा येतो, घाबरू नकोस. त्या मुलाचं काय चुकलं यात समोरच्याला फारसा रस नसतो. तू काय केलंस, तेवढंच तो ऐकत असतो.

नोकरीचा अनुभव नसला तरी फायनल इयरचा प्रोजेक्ट चालतो. समज, रिव्ह्यू तोंडावर आला आणि एकाचं लॉगिनचं काम झालेलंच नाही. ग्रुपवर झापण्याऐवजी तू त्याला बाजूला घेऊन विचारलंस. कळलं, की त्याला गिट (टीमचा कोड एकत्र सांभाळायचं टूल) जमत नाही आणि विचारायची लाज वाटते. मग दोघं एकत्र बसलात, कामाचे लहान तुकडे केलेत, तारखा ठरवल्यात. एवढं करूनही हललं नाही तर गाइडच्या कानावर घालायचं, पण आधी त्याला सांगून. हा क्रम सोडू नकोस.

नवखे इथे घसरतात:

- "मीच रात्रभर जागून सगळं केलं." मेहनत दिसते, टीम सांभाळणं दिसत नाही.
- "लगेच सरांना सांगितलं."
- "असं कधी झालंच नाही." कोण विश्वास ठेवणार?
- रचलेली गोष्ट. "मग तो काय म्हणाला?" एवढं विचारलं तरी ततपप होतं.

उत्तर मांडायला स्टार पद्धत (परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम) पुरेशी आहे. परिस्थिती दोन वाक्यांत उरक, वेळ कृतीला दे. परिणाम अर्धवट असेल तर तसाच सांग. पीआयपी (कमी पडणाऱ्याला काम सुधारायला दिलेली ठरावीक मुदत), अप्रेझल (कामाचं मूल्यमापन) वगैरे मॅनेजर लोकांच्या भानगडीत आत्ता शिरू नकोस. उत्तर पाठ करू नकोस. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक, दोन मिनिटांच्या वर गेलं तर काटछाट कर.