डॅम्पर बंद केला तरी हवा येतेच, असं का?

प्रश्न: शनिवार-रविवार कॉन्फरन्स रूमचा व्हीसीडी (व्हॉल्यूम कंट्रोल डॅम्पर, म्हणजे एसीच्या डक्टमधली हवा कमी-जास्त करणारी पात्यांची झडप) आम्ही पूर्ण बंद करतो, तरी ग्रिलमधून गार हवा येत राहते. डॅम्पर खराब झालाय का?

बहुतेक नाही. साधा व्हीसीडी बॅलन्सिंगसाठी असतो, म्हणजे कुठल्या रूमला किती हवा द्यायची ते ठरवायला, त्याचे ब्लेड एकमेकांवर नुसते टेकतात आणि कडेला सील नसतं, त्यामुळे बंद केला तरी फटीतून हवा जाणारच. खरंच हवा अडवायची असेल तर ब्लेडला रबरी किंवा सिलिकॉन सील आणि बाजूंना स्टीलच्या पट्टीचे सील असलेला लो लीकेज डॅम्पर लागतो. पण खर्च करायच्या आधी अ‍ॅक्सेस डोअर उघडून आत टॉर्च मारा, कारण कधीकधी हँडल आणि ब्लेड जोडणाऱ्या लिंकेजचा स्क्रू ढिला असतो, बाहेर हँडल बंद दाखवतं आणि आत ब्लेड अर्धवट उघडा असतो.

प्रश्न: लो लीकेज डॅम्परच्या कोटेशनमध्ये क्लास १, २, ३ लिहिलंय. फरक केवढा पडतो?

खूप पडतो! हे क्लास मुळात यूएल ५५५एस या अमेरिकन स्मोक डॅम्पर स्टँडर्डमधले. १ इंच वॉटर गेज, म्हणजे साधारण २५० पास्कल प्रेशरला दर स्क्वेअर फुटाला जास्तीत जास्त गळती क्लास १ मध्ये ४ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), क्लास २ मध्ये १० आणि क्लास ३ मध्ये ४०. तुमचा डॅम्पर २ बाय २ फूट धरला तर १६, ४० आणि १६० सीएफएम झाले, आणि ४ इंच वॉटर गेजला हे सगळे आकडे दुप्पट होतात, म्हणजे प्रेशर चौपट झालं की गळती दुप्पट. म्हणून नुसतं "लो लीकेज" लिहिलेलं कोटेशन घेऊच नका, कुठल्या प्रेशरला किती सीएफएम ते लिहून मागा आणि तेही तुमच्या साइजला, कारण गळती मुख्यतः कडेने होते आणि लहान डॅम्परला क्षेत्रफळाच्या मानाने कडा जास्त.

प्रश्न: डक्ट वर नेणाऱ्या बिल्डिंगच्या उभ्या शाफ्टला फायर डॅम्पर (आग लागली की बंद होणारे) आहेत, मग धूर अडेलच ना?

यावर विसंबू नका, प्लीज. साध्या फायर डॅम्परची फ्युजिबल लिंक, म्हणजे त्याला उघडा धरून ठेवणारी धातूची कडी, साधारण ७२ अंशाला वितळते, तोवर तो उघडाच असतो आणि आगीपासून लांब गेलेला थंड झालेला धूर त्यातून आरामात वरच्या मजल्यांवर जातो, लिंकला कळतही नाही. बंद झाल्यावरही किती गळेल याचं रेटिंग त्याला नसतं. धुरासाठी स्मोक डिटेक्टरवर चालणारा मोटराइज्ड स्मोक डॅम्पर किंवा दोन्ही कामांचा कॉम्बिनेशन डॅम्पर हवा.

प्रश्न: फटींना सिलिकॉन लावून टाकू का?

बाहेरून ब्लेडचा दांडा जिथून बाहेर येतो त्या भोकाला आणि डक्टच्या जोडाला, म्हणजे फ्लँजला, चालेल. ब्लेडला नको, चिकटून बसतील. फायर आणि स्मोक डॅम्परला तर बनवणाऱ्या कंपनीला विचारल्याशिवाय हातच लावू नका.