बाळंतपण लीड्सला की तासगावला?

प्रश्न : मी मिरजेत नर्सिंग केलं. तीन वर्षांपासून इंग्लंडमध्ये लीड्सला हेल्थ अँड केअर व्हिसावर नोकरी करते, नवरा माझ्या व्हिसावर डिपेंडंट आहे. पहिलंच बाळ आहे, पाचवा महिना लागलाय, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे. आईचा आग्रह आहे की पहिलं बाळंतपण माहेरी, तासगावलाच व्हावं. नवऱ्याला वाटतं, इथं जन्मलं तर बाळ ब्रिटिश होईल. सासरे म्हणतात, जन्म कुठंही होऊ दे, नगरपरिषदेत ओळख आहे, तासगावचाही जन्मदाखला काढून ठेवू. शिवाय एक एकर द्राक्षबाग नातवंडाच्या नावानं बक्षीसपत्र करून द्यायची आहे. आम्ही दोघं भारतीय पासपोर्टवर आहोत. काय करावं?

उत्तर : आधी सासऱ्यांना फोन करा आणि तो दाखला थांबवा. बाकीच्या गोष्टी नंतर दुरुस्त करता येतात, ही येत नाही. लीड्सला जन्मलेल्या बाळाचा जन्म तासगावात झाला असं दाखवणं म्हणजे खोटी नोंद. त्यावर पासपोर्ट काढलात तर पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परदेशातला जन्म इथं नोंदवायची सोय जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम २० मध्ये आहे, पण ती भारतात कायमचं राहायला परतलेल्या आईबापांसाठी, बाळ भारतात आल्यापासून ६० दिवसांत. तुम्ही तर परत जाणार आहात. आणि एका लेकराचे दोन जन्मदाखले निघाले की पुढं प्रत्येक कचेरीत 'खरा कोणता?' हा प्रश्न उभा राहतो.

आता नवऱ्याचा समज. जन्मलं की आपोआप ब्रिटिश, हा प्रकार १ जानेवारी १९८३ पासून संपला. आई किंवा वडील यांपैकी एकजण जन्माच्या दिवशी ब्रिटिश किंवा तिथं सेटल्ड, म्हणजे कायम राहण्याचा हक्क मिळालेला, असावा लागतो. तुम्ही दोघंही मुदतीच्या व्हिसावर आहात, म्हणून बाळ जन्मानं ब्रिटिश होणार नाही.

पण तिथल्या जन्माला काही अर्थच नाही असंही नव्हे. तिथं जन्मलेलं मूल १८ वर्षांचं व्हायच्या आत आईबापांपैकी एकाला सेटलमेंट मिळाली, तर त्याला ब्रिटिश म्हणून नोंदवून घेण्याचा हक्क येतो. तासगावात जन्मलेल्या मुलाला तो हक्क नाही, त्याला तुमच्याबरोबर सेटलमेंटचा वेगळा अर्ज करावा लागेल. मात्र ब्रिटिश नागरिकत्व घेतलंत की भारतीय पासपोर्ट परत करायचा. दोन्ही ठेवता येत नाहीत. मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड, काढावं लागतं.

खरी मेख आहे ती सेटलमेंटच्या हिशेबात, आणि तो बहुतेक जोडप्यांना उशिरा कळतो. कोणत्याही सलग १२ महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिलात तर सेटलमेंटसाठी लागणारी सलग वास्तव्याची साखळी तुटते. व्हिसा रद्द होत नाही, पण आधीची तीन वर्षं हिशेबातून जाऊ शकतात. बाहेर होते ते बाळंतपणाच्या रजेवर, ही सबब तिथं चालत नाही. रजेमुळं नोकरीचा व्हिसा धोक्यात येत नाही एवढंच. भारतात घालवलेले दिवस मोजले जातातच.

तुमचंच गणित मांडू. २८ आठवड्यांनंतर विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर एकट्या बाळाच्या गरोदरपणातही बहुतेक घेत नाहीत, म्हणून तुम्ही २८ व्या आठवड्याच्या सुमारास निघाल. तिथून बाळंतपणापर्यंत १२ आठवडे. सव्वा महिना म्हणजे ५ आठवडे. मग बाळाचा पासपोर्ट आणि यूकेचा व्हिसा, घाईनं केला तरी ८ आठवडे धरा. एकूण २५ आठवडे, म्हणजे १७५ दिवस. पाचच दिवस हाताशी उरतात. आणि यंदा एप्रिलमध्ये दिराच्या लग्नाला वगैरे २१ दिवस गावी येऊन गेला असाल तर ते त्याच १२ महिन्यांत पडतात, बेरीज १९६. (जायचा आणि पोहोचायचा दिवस धरत नाहीत, पण त्यानं दोन-चार दिवसांचाच फरक पडतो.) बाळाच्या पासपोर्टात एक स्पेलिंग चुकलं की संपलं. सेटलमेंटची ५ वर्षांची अट वाढवण्याचे प्रस्ताव तिथल्या सरकारनं २०२५ मध्ये मांडलेत. अर्जाच्या वेळचा नियम तेव्हा पाहू, पण त्यासाठी आजची साखळी मोडू नये.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : बाळंतपण लीड्सला करा, आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की त्याला घेऊन तासगावला या.

तिथं जन्म झाल्यावरचा क्रम बदलू नका. ४२ दिवसांच्या आत स्थानिक रजिस्ट्रारकडं जन्म नोंदवायचा. लग्न झालेलं असल्यामुळं दोघांपैकी एकजण गेला तरी चालतं. दाखल्याची मोठी प्रत घ्या, जिच्यावर आईबापांची नावं असतात. छोट्या प्रतीवर ती नसतात आणि भारतीय वकिलातीत तिचा उपयोग नाही. नाव ठरवताना घाई करू नका. बारसं आत्याच्या सवडीनं होतं, रजिस्ट्रार सवडीनं थांबत नाही. बाळाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही लिहायचं असेल तर पहिली दोन नावं 'दिलेलं नाव' या रकान्यात आणि आडनाव वेगळं. वडिलांचं नाव समजा 'संदीप' असेल, तर त्यात पासपोर्टावर दोन ई आहेत की एक आय, हे रजिस्ट्रारसमोर पासपोर्ट उघडून ताडून पाहा. तुमच्या पासपोर्टावर अजून माहेरचं आडनाव असेल तर दाखल्यावर आईचं नाव तेच येऊ द्या, आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हाताशी ठेवा.

त्यानंतर भारतीय वकिलातीत जन्मनोंदणी आणि पासपोर्ट. परदेशात जन्मलेलं मूल आईबाप भारतीय आहेत म्हणून आपोआप भारतीय होत नाही. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ४ प्रमाणे जन्म १ वर्षाच्या आत वकिलातीत नोंदवावा लागतो, आणि बाळाकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं तुम्ही लिहून द्यायचं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते आणि ती फाईल कधी हलेल याचा भरवसा नाही. इंग्लंडचा दाखला हातात आला म्हणजे काम झालं असं समजून बसणारे इथंच अडकतात.

पासपोर्ट आला की बाळाच्या डिपेंडंट व्हिसाचा अर्ज, शक्यतो ते ३ महिन्यांचं व्हायच्या आत. तोवर त्याला एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, उपचार मोफत असतात, पण बाळ देशाबाहेर गेलेलं नसावं. तुमच्या व्हिसाच्या प्रकारामुळं बाळालाही व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार नाही. व्हिसाशिवाय बाळाला भारतात आणलंत तर ते परत जाताना इथून नव्यानं व्हिसा काढत बसावं लागेल.

द्राक्षबागेचं. परकीय चलन कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही दोघं आणि बाळ भारताबाहेरचे रहिवासी. पासपोर्ट भारतीय असला तरी अशा व्यक्तीला शेतजमीन विकतही घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानंही मिळत नाही. वारसानं मात्र मिळते. तेव्हा सासऱ्यांनी बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करून नोंदवून ठेवावं. जमीन वडिलोपार्जित असेल तर आधी सातबारा आणि जुने फेरफार वकिलाला दाखवा. सासऱ्यांच्या एकट्याच्या वाट्याची किती, हे ठरल्याशिवाय मृत्युपत्राचा मसुदा होत नाही.

राहिल्या आई. त्यांना तिकडं बोलवा. सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा पुरतो आणि अर्ज प्रवासाच्या ३ महिने आधीपासून करता येतो, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोहोचायचं तर ऑगस्टमध्ये अर्ज. त्यात 'मुलीच्या बाळंतपणासाठी, अमुक तारखेला परत' असं सरळ लिहा. बाळ सांभाळायला कायम राहणार असा वास येईल असं एकही वाक्य नको. परत यायला कारण आहे हे दिसण्यासाठी घराचा उतारा, वडिलांची पेन्शन किंवा बेदाण्याच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या), आणि तुमचा पगार व घराचा भाडेकरार जोडा.