जागा निवडीच्या नकाशात वेटेज ठरवायला एएचपी (घटकांची जोडीजोडीने तुलना करून वेटेज काढायची पद्धत) वापरू, की साधी बेरीज चालेल?

तुमच्याकडे नऊ लेयर (रस्ता, उतार, पाणी अशा एकेका घटकाचे नकाशे) आहेत, त्यातून जागा सुचवायची आहे आणि घोडं वेटेजवर अडलंय. मी असतो तर निम्मे लेयर आजच बाजूला काढले असते.

वेटेज कुठल्याही पद्धतीने काढा, ते मतच असतं. एएचपीत कन्सिस्टन्सी रेशो ०.१ च्या खाली आला म्हणजे तुमची मतं एकमेकांना फारशी छेद देत नाहीत, एवढंच कळतं. ती बरोबर आहेत असं नाही. आणि बैठकीत कुणी "हे ४० टक्के कुठून आले?" विचारलं की आपण सॉफ्टवेअरकडे बोट दाखवतो. (मी दाखवलंय. फार केविलवाणं दिसतं.)

गंमत बघा. 'अ' जागेला रस्ता ९, उतार ३, पाणी ६ असे गुण. 'ब' जागेला ५, ८, ६. वेटेज ४०-३०-३० धरलं तर 'अ' ६.३, 'ब' ६.२. 'अ' जिंकली. आता रस्त्याचे ५ टक्के काढून उताराला द्या: 'अ' ६.०, 'ब' ६.३५. निकाल फिरला! ते ५ टक्के कोणतंही सूत्र तुमच्यासाठी ठरवून देणार नाही.

म्हणून आधी चाळणी लावा. पूररेषेच्या आतली जमीन, राखीव वन यांना गुण देऊच नका, हो-नाही करून सरळ कापा. नाहीतर बेरजेत रस्त्याचे ९ गुण पुराचा धोका झाकून टाकतात. उरलेल्या जागांना तीन-चार घटक लावा, वेटेज सुरुवातीला समान ठेवा, मग एकेकाचं थोडं वर-खाली करून पाहा. प्रत्येक वेळी वर राहणाऱ्या जागा गडद रंगात, डळमळणाऱ्या फिक्या. एवढा नकाशा पुरतो, आणि समोरचा त्यावर भांडूही शकतो.

बफरचंही, म्हणजे रस्ता किंवा नदीभोवती आखलेल्या ठरावीक अंतराच्या पट्ट्याचंही, तेच. ५०० मीटर हा आकडा तुम्हीच धरलेला असतो, ५०१ मीटरवरचं घर काही वाईट नसतं. तो आकडा कुणी आणि का धरला, हे नकाशाखाली एका ओळीत लिहा.

आणि हो, उताराचा लेयर टक्क्यांत आहे की अंशांत, ते आत्ताच उघडून बघा. १५ टक्के म्हणजे जेमतेम साडेआठ अंश, तर १५ अंश म्हणजे जवळपास २७ टक्के. वेटेजवर आठवडाभर डोकं फोडून शेवटी घोळ इथे निघालेला मी पाहिलाय.